चकती गतिरोधकांतील धारवे

मालमोटारी, बसगाड्या व जोडगाड्या यांसारख्या जड व्यापारी वाहनांच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी घर्षण पट्ट्यांच्या चिमटीत धरून वाहनाचा वेग कमी करणाऱ्या यंत्रणेस चकती गतिरोधक म्हणतात. या यंत्रणेतील एकमेकांच्या सापेक्ष हलणाऱ्या भागांना आधार देणारे आणि त्यांच्यामधील घर्षण मर्यादित ठेवणारे घटक म्हणजे तिचे धारवे होत. कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत यांना ‘डिस्क ब्रेक’ व ‘बेअरिंग’ हीच नावे रूढ आहेत. रस्त्यावर बांधलेल्या उंचवट्यालाही अलीकडे गतिरोधक म्हणू लागले आहेत. त्याचा येथे संबंध नाही.

गतिरोधकाचे सारे काम घर्षणावर चालते, तर धारव्याचे काम घर्षण टाळण्याचे असते. परस्परविरुद्ध हेतूंचे हे दोन घटक एकाच ओतीव कवचात, एकमेकांपासून काही सेंटिमीटर अंतरावर बसवावे लागतात. त्यांपैकी एक तापून लाल होण्याच्या बेतात आला, तरी दुसऱ्यातील ग्रीज वितळता कामा नये. जड वाहनांच्या चकती गतिरोधकातील धारव्यांच्या अभिकल्पाची मुख्य अडचण या एका वाक्यात सांगता येते.

पार्श्वभूमी : चकती गतिरोधकाचे एकस्व (पेटंट) इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले होते, परंतु त्यांचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९५३ च्या ल मां येथील शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी असे गतिरोधक वापरून यश मिळविले आणि १९५५ मध्ये सित्रोएन कंपनीने ते आपल्या डीएस या मोटारगाडीच्या पुढील चाकांना बसविले. प्रवासी मोटारीत पायाचा जोर तेलाच्या दाबाने चाकापर्यंत पोहोचतो व तेथे एक दट्ट्या सरळ पुढे सरकतो. त्यात धारव्याला फारसे स्थान नाही. जड वाहनांत मात्र दाबयुक्त हवा वापरतात. हवेचा दाब तेलाच्या दाबाच्या मानाने फारच कमी, साधारणपणे ८ ते १० बार असतो. एवढ्या दाबाने थेट दट्ट्या ढकलायचा, तर तो चाकाच्या आत मावणार नाही इतका मोठा करावा लागेल. म्हणून हवेने निर्माण केलेला जोर तरफेने अनेक पटींनी वाढवावा लागतो, आणि तरफ आली की तिच्या टेकूला धारवा लागतोच. युरोपात १९९० नंतरच्या दशकात ही रचना स्थिरावली. मर्सिडीज-बेंझच्या १९९६ मधील ॲक्ट्रॉस मालमोटारीच्या सर्व आसांवर चकती गतिरोधक होते. भारतात मालवाहू गाड्यांवर अजूनही ढोल (ड्रम) गतिरोधकांचेच प्राबल्य असून चकती गतिरोधक मुख्यतः उच्च श्रेणीच्या बसगाड्या व काही जड मालमोटारींवर आढळतात.

रचना : चाकाच्या आत आसाला पक्की केलेली एक चौकट असते. तिच्यावर दोन मार्गदर्शक खुंट्यांच्या आधाराने आडवे सरकणारे कवच बसविलेले असते. त्याला कॅलिपर म्हणतात. कॅलिपरच्या पाठीवर हवाकोठी (ब्रेक चेंबर) असते. चालकाने पायपट्टी दाबली की, कोठीतील रबरी पडदा फुगतो व एक दांडा पुढे ढकलला जातो. हा दांडा कॅलिपरच्या आतील तरफेच्या लांब भुजेच्या टोकाशी असलेल्या खळग्यात टेकलेला असतो. तरफेच्या दुसऱ्या टोकाशी दंडगोलाकार उत्केंद्री भाग असतो. तरफ थोडी फिरली की, उत्केंद्री भाग आडव्या दाबपट्टीला पुढे रेटतो, ती दोन दट्ट्यांना व दट्टे आतील घर्षण पट्टीला चकतीवर दाबतात. प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर मागे सरकतो व बाहेरील पट्टीही चकतीला येऊन भिडते.

जोरांची कल्पना येण्यासाठी एक साधे गणित उपयोगी पडते. हवाकोठीचा क्रमांक हा तिच्या पडद्याचे परिणामी क्षेत्रफळ चौरस इंचांत सांगतो. २४ क्रमांकाच्या कोठीचे क्षेत्रफळ सु. १५५ चौ. सेंमी. भरते. ८ बार दाबाला तिचा दांडा सु. १२.४ किलोन्यूटन जोराने पुढे येतो. तरफेची लांब भुजा ७५ मिमी. आणि उत्केंद्रता ५ मिमी. धरल्यास जोर १५ पट वाढून सु. १८६ किलोन्यूटन होतो. हा जोर १९ टन वजनाइतका आहे, म्हणजे त्याच चाकावर असलेल्या भाराच्या जवळजवळ चौपट. आणि तो सर्वच्या सर्व तरफेच्या धारव्यांतून जातो. जोर वाढतो त्या प्रमाणात सरक घटते : दांडा ३० मिमी. पुढे गेला, तर घर्षण पट्टी केवळ २ मिमी. सरकते व तरफ सु. २३ अंशांतून फिरते. प्रचंड भार आणि अत्यल्प हालचाल हे या धारव्याचे वैशिष्ट्य होय.

तरफेचा धारवा : वरवर पाहता एवढ्या लहान हालचालीला साधा कांशाचा बुश पुरेल असे वाटते. प्रारंभीच्या अभिकल्पांना हा मोह पडणे साहजिक होते. तो का चालत नाही, हे उत्केंद्रता व घर्षण यांच्या तुलनेवरून कळते. तरफेला दोन ठिकाणी आधार असतो : एकीकडे कॅलिपरच्या पाठीवर, दुसरीकडे दाबपट्टीवर. पहिल्या ठिकाणी बैठकीची त्रिज्या १५ मिमी. व दुसऱ्या ठिकाणी १२ मिमी. आहे असे मानू. दोन्ही ठिकाणी साधे बुश असून घर्षण गुणांक ०.१ असेल, तर घर्षणावर मात करण्यासाठी लागणारी भुजा (१५ + १२) × ०.१ म्हणजे २.७ मिमी. होते. उपयुक्त भुजा म्हणजे उत्केंद्रता ५ मिमी. आहे. म्हणजे चालकाने दिलेल्या ७.७ भागांपैकी ५ भागच चकतीपर्यंत पोहोचतात व कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर येते. त्याच जागी रूळ धारवे घातले, तर घर्षण गुणांक सु. ०.००२५ इतका कमी असल्याने कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या वर जाते. एकाच ठिकाणी रूळ घालणे शक्य असेल, तर ते मोठ्या त्रिज्येच्या बैठकीवर घालणे श्रेयस्कर असते. त्यामुळे कार्यक्षमता ८० टक्क्यांपर्यंत मिळते. काही निर्मात्यांनी एक बाजू रुळांवर व दुसरी लेपित साध्या बुशावर अशी तडजोड स्वीकारली आहे, तिचे मूळ या हिशेबात आहे.

परंतु कार्यक्षमतेपेक्षाही गंभीर प्रश्न गतिरोधक सुटण्याचा आहे. पायपट्टी सोडल्यावर ताणलेला कॅलिपर व दाबलेल्या पट्ट्या तरफेला मागे ढकलतात. या वेळी घर्षण उलट दिशेने आड येते. वरील उदाहरणात घर्षण गुणांक ०.१८५ झाला, तर घर्षणाची भुजा उत्केंद्रतेइतकीच, म्हणजे ५ मिमी. होते आणि तरफ आपोआप मागे येण्याचे थांबते. कोरड्या पोलादावर पोलादाचा घर्षण गुणांक सहज ०.२ च्या आसपास असतो. याचा अर्थ, साध्या बुशातील वंगण सुकले तर गतिरोधक लागेल, पण सुटणार नाही. परतीची स्प्रिंग थोडी मदत करते. तथापि १९ टनांच्या जोराखाली जखडलेल्या तरफेला ती पुरी पडत नाही. रूळ धारव्यात ही शक्यता उरत नाही. लागताना व सुटताना एकाच हवादाबाला पट्टीवर येणाऱ्या जोरांतील जो फरक, त्याला मंदायन म्हणतात. चाके जखडू न देणारी यंत्रणा हवेचा दाब एका सेकंदात अनेक वेळा कमीअधिक करीत असते. मंदायन जास्त असेल, तर तिच्या आज्ञा चाकापर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत. भारतात मोठ्या मालमोटारी व बसगाड्यांना ही यंत्रणा २०१५ मध्ये सक्तीची झाल्यापासून या बाबीला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

जागा अत्यंत अपुरी असल्यामुळे नेहमीचे गोलक धारवे किंवा जाड रुळांचे धारवे येथे बसत नाहीत. म्हणून सूची रूळ (नीडल रोलर) वापरतात. ज्या रुळाचा व्यास ५ मिमी. पेक्षा जास्त नसून लांबी व्यासाच्या तिपटीहून अधिक असते, त्यास सामान्यतः सूची रूळ म्हणतात. पिंजऱ्यात धरलेल्या सूची रुळांचा धारवा जर्मनीत गेओर्ख शेफ्लर यांनी १९४९ मध्ये सिद्ध केला व मोटार उद्योगात तो लवकरच सर्वत्र पसरला. गतिरोधकाच्या तरफेवरील भार नेहमी एकाच दिशेने येत असल्याने पूर्ण वर्तुळाची गरज नसते; अर्धवर्तुळाकार पिंजरा व अर्धवर्तुळाकार पन्हळीसारखे कठीण केलेले पोलादी कवच एवढ्यावर भागते. तरफेच्या दोन्ही अंगांना असे एकेक अर्धधारवे बसवितात.

आपल्या उदाहरणात प्रत्येक अर्धधारव्यावर ९३ किलोन्यूटन भार येतो. त्यात ४ मिमी. व्यासाचे व २८ मिमी. लांबीचे ११ रूळ असतील, तर भार त्यांच्यात समान वाटला जात नाही. मधल्या रुळावर सर्वांत जास्त, सु. १७ किलोन्यूटन, व कडेच्या रुळांवर जवळजवळ शून्य भार येतो. अशा भारवाटपाचा नियम रिखार्ट श्ट्रिबेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढला. मधल्या रुळाच्या व आतील धावमार्गाच्या चिंचोळ्या स्पर्शरेषेवर हाइन्रिख हेर्ट्‌झ यांच्या सूत्रानुसार दर चौ. मिमी.ला सु. ३,५०० न्यूटन प्रतिबल येते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रूळ धारव्याची स्थितिक भारक्षमता ठरविताना ४,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. ही मर्यादा धरतात. या प्रतिबलाला रूळ व धावमार्ग यांच्यात मिळून रुळाच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी कायमची विकृती उरते. म्हणजे हा धारवा कमाल भाराखाली आपल्या मर्यादेच्या अगदी काठावर काम करतो. मोटारीच्या गिअरपेटीतील धारव्याच्या बाबतीत असे धाडस कोणी करणार नाही. येथे ते चालते, कारण पूर्ण दाबाने गतिरोधक लावण्याचे प्रसंग क्वचित येतात आणि फेऱ्यांची संख्या नगण्य असते. फिरत्या धारव्याचे आयुष्य लुंडबर्ग व पाल्मग्रेन यांच्या १९४७ मधील सूत्राने कोट्यवधी फेऱ्यांत मोजतात. गतिरोधकातील धारवा एकही पूर्ण फेरी कधी करीत नाही. म्हणून त्याची निवड आयुष्याच्या सूत्रावरून न करता स्थितिक भारक्षमतेवरून व प्रत्यक्ष चाचण्यांवरून करतात.

फेरी पूर्ण न होण्याचा एक तोटाही आहे. तरफ २३ अंश फिरते तेव्हा रुळांचा पिंजरा सु. १० अंशच फिरतो आणि प्रत्येक रूळ धावमार्गावर सु. ३ मिमी. एवढाच पुढे-मागे लोळतो. दोन रुळांतील अंतर याहून जास्त असल्याने एका रुळाचा पट्टा शेजारच्या रुळाच्या पट्ट्याला कधीच मिळत नाही. पट्ट्या झिजल्या की, स्वयंसमायोजक दट्ट्यांची लांबी वाढवून झीज भरून काढतो. तरफेची हालचाल मात्र आहे तेवढीच राहते. परिणामी वर्षानुवर्षे धावमार्गाच्या त्याच तीन मिलिमीटरांवर सारा भार येतो. रुळाने बाजूला सारलेले ग्रीज परत आत ओढले जात नाही. वाहन चालू असताना गतिरोधक लावलेला नसला, तरी रस्त्याच्या हादऱ्यांनी रूळ जागच्या जागी थरथरत राहतात व तांबूस भुकटी पडून धावमार्गावर रुळांच्या आकाराचे चर उमटतात. या चरांना खोट्या दाबखुणा म्हणतात. भाराने उमटलेल्या खऱ्या दाबखुणांहून त्या भिन्न होत. उपाय म्हणून परतीच्या स्प्रिंगेने तरफेवर सतत थोडा दाब ठेवतात. त्यामुळे रूळ सैल राहून खडखडत नाहीत.

आणखी एक दोष केवळ अर्धधारव्यातच संभवतो. पिंजरा पूर्ण वर्तुळाचा नसल्याने प्रत्येक आवर्तनात तो अगदी थोडा घसरला, तरी हजारो आवर्तनांनंतर तो आपल्या जागेवरून एका बाजूला सरकतो. मग भाराच्या दिशेला पुरेसे रूळ उरत नाहीत व उरलेल्यांवर अतिभार येतो. हे टाळण्यासाठी कवचाच्या कडा दुमडून थांबे करतात किंवा पिंजरा व तरफ यांना जोडणारी छोटी स्प्रिंग अथवा जीभ ठेवून त्याला दर वेळी मूळ जागी आणतात. ही जीभ काही ग्रॅम वजनाची, पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची असते, तरीही या विषयावरील एकस्वांत तिच्याच निरनिराळ्या रचना मोठ्या प्रमाणावर दिसतात.

भाराखाली कॅलिपरचे कवच किंचित उघडते व तरफही वाकते. रूळ काटेकोर दंडगोलाकार असतील, तर अशा वेळी सारा भार त्यांच्या टोकांवर येतो व तेथून शिणवट्याचे खळगे पडू लागतात. त्यासाठी रुळांची टोके काही मायक्रोमीटरांनी निमुळती करतात. हा निमुळतेपणा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना जाणवत नाही. पण रुळाच्या कारखान्याची खरी परीक्षा त्यात असते.

धातू व उष्णता : रूळ व धावमार्ग यांसाठी सु. १ टक्का कार्बन व १.५ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरतात. तापवून तेलात विझविल्यावर व सु. १५०° ते १८०° से.पर्यंत पुन्हा तापविल्यावर त्याची कठिनता रॉकवेल सी मापश्रेणीवर ५८ ते ६४ भरते. पत्र्याच्या कवचाला पृष्ठ-कठिनीकरण करतात. कॅलिपर ओतीव लोखंडाचा असल्याने रुळांचा भार तो थेट सोसू शकत नाही, म्हणून हे कवच मध्ये घालावे लागते. पुनर्तापनाच्या तापमानापेक्षा अधिक काळ अधिक तापल्यास पोलाद मऊ पडू लागते व मितींतही फरक पडतो. त्यामुळे धारव्याची जागा या तापमानाखाली राहील अशी व्यवस्था करणे अपरिहार्य असते.

उष्णता किती निर्माण होते ? तीन आसांची २८ टनांची मालमोटार २०० मी. उंचीचा घाट उतरली व सारी ऊर्जा चाकांच्या गतिरोधकांनीच शोषली, तर सु. ५५ मेगाजूल उष्णता निर्माण होते. सहा चकत्यांचे वजन प्रत्येकी ३० किग्रॅ. धरल्यास आणि उष्णता बाहेर जाण्यास वावच मिळाला नाही असे मानल्यास, चकत्यांचे तापमान ६०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता वाहून नेतो व शहाणा चालक एंजिनाच्या रोधावर, खालच्या गिअरमध्ये उतरतो. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) धुळ्याकडे जाताना कन्नडजवळचा औट्रम घाट लागतो. अशा घाटात इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक वरील गणितातील सर्वांत वाईट परिस्थिती स्वतःच ओढवून घेतो.

चकतीपासून धारव्यापर्यंत उष्णता पोहोचण्याचे मार्ग दोन : घर्षण पट्टीची पोलादी पाठ व दट्टे यांतून वहनाने आणि चकतीच्या पृष्ठभागापासून प्रारणाने. पट्टी नवी असताना तिचा जाड थर उष्णतेला अडवितो. झिजून २-३ मिमी. उरला की हा अडसर जवळजवळ नाहीसा होतो. झिजलेल्या पट्ट्या वेळेवर न बदलल्याने केवळ चकतीच खराब होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आतील धारवा व रबरी झाकणेही त्याच वेळी भाजून निघतात, आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही. साध्या लिथियम साबणाच्या ग्रीजचा गळणबिंदू सु. १८०° ते १९०° से. असल्याने ते येथे अपुरे ठरते. जटिल लिथियम किंवा पॉलियुरिया जातीची, अधिक तापमानाला टिकणारी ग्रिजे वापरतात. कारखान्यात एकदा भरलेले ग्रीज कॅलिपरच्या आयुष्यभर पुरावे अशी अपेक्षा असते. ढोल गतिरोधकाच्या कॅमदंडाच्या बुशाला निपल असते व त्यात ठराविक काळाने पिचकारीने ग्रीज भरता येते. चकती गतिरोधकात अशी सोय नाही. ही सुधारणा आहे हे खरे, पण निपलला सरावलेल्या कारागिराला ती उणीव वाटते, आणि झाकण फाटल्यानंतरच्या परिस्थितीत त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

समायोजक व मार्गदर्शक खुंट्या : झीज भरून काढणाऱ्या समायोजकात दट्ट्याच्या आट्यांवर भार येण्यापूर्वीच फिरणे पूर्ण व्हावे लागते, त्याच्या तळाशी लहान अक्षीय सूची धारवा किंवा गोलक असतात. कॅलिपर ज्या दोन खुंट्यांवर सरकतो, त्यांतील एक तंतोतंत बसणारी व दुसरी मुद्दाम सैल ठेवलेली असते, म्हणजे चौकट तापून प्रसरण पावली तरी कॅलिपर अडकत नाही. येथे कांशाचे किंवा पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलिनाचा लेप दिलेले साधे बुश पुरतात. खुंटी अडकली, तर आतील पट्टी झिजत जाते व बाहेरील कोरी राहते. दोन पट्ट्यांच्या जाडीतील फरक हे या दोषाचे सर्वांत सोपे निदान आहे.

चाकाचे धारवे : चकती चाकाच्या तुंब्यावर बसविलेली असल्याने तुंब्यातील धारव्यांचा गतिरोधकाशी निकटचा संबंध येतो. घोडागाड्या बनविणारे अमेरिकन कारागीर हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या धारव्याचे एकस्व मिळविले. मालमोटारींच्या चाकांत आजही मुख्यतः तेच, समोरासमोर जोडीने बसविलेले असतात. पट्ट्यांचे दोन्ही बाजूंचे दाब परस्परांना तोलतात, त्यामुळे आसाच्या दिशेने अतिरिक्त भार येत नाही. चकतीच्या कडेला लागणारे घर्षण मात्र एकाच ठिकाणी, कॅलिपरपाशी, ओढते आणि हा एकांगी जोर चाकाच्या धारव्यांना सोसावा लागतो. जोरदार रोधाच्या वेळी तो चाकावरील स्थिर भाराच्याही वर जाऊ शकतो. कॅलिपर आसाच्या मागे बसविला, तर घर्षण चकतीला खाली ओढते व रस्त्याच्या वरच्या दिशेने येणाऱ्या प्रतिक्रियेतून तेवढा भाग वजा होतो. पुढे बसविल्यास दोन्ही जोरांची बेरीज होते. म्हणून धारव्याच्या दृष्टीने मागची जागा चांगली. परंतु स्टिअरिंगचे दुवे, स्प्रिंगा व हवाकोठी यांच्या गर्दीत अभिकल्पकाला ती नेहमी मिळतेच असे नाही.

ढोलाच्या मानाने चकतीची उष्णता तुंब्याकडे अधिक थेट मार्गाने जाते. चकतीचा मधला भाग लांब मानेसारखा करून, किंवा चकती तुंब्यावर दातेरी पट्ट्यांनी सैलसर बसवून हा मार्ग अरुंद करतात. गतिरोधक सुटला नाही व चाक ओढत राहिले, तर तुंब्यातील ग्रीज पातळ होऊन गळते, धारवा कोरडा पडतो आणि टायर पेट घेण्यापर्यंत मजल जाते. रस्त्याच्या कडेला चाकातून धूर निघत असलेली मालमोटार पुष्कळांनी पाहिलेली असते. तिचे कारण अनेकदा आगीच्या जागेपासून दूर, तरफेच्या लहानशा धारव्यात किंवा अडकलेल्या खुंटीत सापडते.

मराठवाड्यातील उद्योग : या विषयाशी संबंधित उद्योग महाराष्ट्रात विखुरलेले असले, तरी सूची रुळांचा मराठवाड्याशी विशेष संबंध आहे. भारतात सूची रूळ धारव्यांचे उत्पादन नॅडेला या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने १९६५ मध्ये ठाणे येथे स्थापन झालेल्या कंपनीने सुरू केले. नीडल रोलर बेअरिंग या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ती एनआरबी म्हणून ओळखली जाते. पुढे तिचे कारखाने जालना तसेच छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा व वाळूज येथे निघाले. वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर त्याच्या भोवती सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगांची वसाहत वाढली. एन्ड्युरन्स या कंपनीचे दुचाकींसाठी चकती गतिरोधक बनविण्याचे कामही याच परिसरात चालते. दुचाकीचा चकती गतिरोधक तेलाच्या दाबावर चालतो, त्यात तरफेचा धारवा नसतो. तथापि चकतीचे ओतकाम, घर्षण द्रव्ये व रुळांचे अचूक घर्षण-यंत्रण ही कौशल्ये एकाच शहराच्या दोन टोकांना उपलब्ध आहेत. वाळूज पश्चिमेला व चिकलठाणा पूर्वेला असून शहरातून त्यांना जोडणारा जालना रस्ता क्रांती चौकातून जातो. १८५७ च्या उठावातील सैनिकांना जेथे देहदंड देण्यात आला, त्या काळ्या चबुतऱ्यामुळे या चौकाचे नाव पडले आहे.

क्रांती चौकासारख्या सिग्नलच्या चौकात बसगाडीच्या गतिरोधकाचे काम घाटातील कामापेक्षा अगदी निराळे असते. १५ टनांची बस ताशी ३० किमी. वेगावरून थांबविताना सु. ०.५ मेगाजूल ऊर्जा शोषावी लागते, म्हणजे वरील घाटाच्या शंभराव्या भागाइतकी. हवेचा दाबही कमालीच्या एकचतुर्थांशाहून क्वचितच वर जातो. परंतु अशी थांबणी दिवसभर चालू राहतात. घाटात धारव्याची कसोटी भार व उष्णता यांनी लागते, तर शहरात आवर्तनांच्या संख्येने, धुळीने आणि पावसाळ्यातील चिखलपाण्याने. शहर बससाठी पुरेसा ठरलेला कॅलिपर घाटातील मालमोटारीला चालेलच असे नाही, आणि उलटही खरे आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत धारव्यांवर थोडी आवर्तने पूर्ण भाराने व कित्येक लाख आवर्तने अल्प भाराने अशी मिश्र चाचणी घेतात. तिच्यात मिठाच्या पाण्याचे फवारे व थरथराटही समाविष्ट असतात. वाहनांच्या गतिरोधकांच्या भारतीय चाचण्या आयएस ११८५२ या मानकानुसार होतात. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था अशी प्रमाणन-परीक्षणे करते.

देखभाल : तरफेचा धारवा बाहेरून दिसत नसल्याने त्याची स्थिती लक्षणांवरून ओळखावी लागते. पायपट्टी सोडल्यावर एकच चाक उशिरा मोकळे होणे, एकाच आसाच्या दोन चकत्यांच्या तापमानांत मोठा फरक असणे, समान हवादाबाला गाडी एका बाजूला ओढणे ही मुख्य लक्षणे होत. दट्ट्यांवरील व खुंट्यांवरील रबरी झाकणे प्रत्येक वेळी पट्ट्या बदलताना तपासणे आवश्यक असते. फाटलेल्या झाकणातून आत गेलेले पाणी ग्रीज साबणासारखे पांढरे करते आणि रुळांवर गंज चढतो. गाडी धुताना जोरदार पाण्याचा झोत थेट कॅलिपरवर मारण्याची सवय या दृष्टीने घातक आहे. गंजलेला कॅलिपर उघडून, रूळ पुसून व नेहमीचे ग्रीज भरून परत बसविण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. चर पडलेल्या धावमार्गावर रूळ पुन्हा त्याच खाचांत अडकतात व गतिरोधक पहिल्यापेक्षा अधिक अनिश्चितपणे वागतो. म्हणून असा कॅलिपर संपूर्ण बदलावा किंवा निर्मात्याच्या जुळणीच्या संचातून रूळ, पिंजरे व कवचे एकदमच बदलावीत. चाकाच्या निमुळत्या रूळ धारव्यांची ढिलाई त्याच वेळी तपासून घ्यावी लागते. तुंबा हलत असेल, तर चकती डुगडुगून पट्ट्यांना मागे ढकलते व पुढच्या वेळी गतिरोधक लागण्यास उशीर होतो. [⟶ गतिरोधक, घर्षण, धारवा, वंगण].